हात लावा, मॅडम

आमच्या शाळेत तेव्हा दोनच शिक्षक होते, हेडमास्तर आणि मी. तालुक्याहून कागद आला, की कुणाचा श्वास किंवा हृदय अचानक बंद पडलं तर काय करायचं याचं दोन दिवसांचं प्रशिक्षण आहे आणि प्रत्येक शाळेतून एकानं यायचं आहे. हेडमास्तरांच्या मागे मतदारयादीचं काम लागलेलं होतं. ते म्हणाले, "मॅडम, तुमीच जा. तुमचं घर औंढ्यातच हाय, दोन दिवस स्कूटीचं पेट्रोल तरी वाचंल." मी गेले ती एवढ्याच कारणानं.

मंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका मंगल कार्यालयात आम्ही चाळीस-एक शिक्षक जमलो होतो. शिकवायला हिंगोलीहून एक ब्रदर आले होते, म्हणजे दवाखान्यातले पुरुष नर्स. बारीक अंगाचे, चाळिशीतले. सतरंजीवर त्यांनी तीन रबरी बाहुले निजवले होते. एक मोठ्या माणसाचं नुसतं धड, एक चार-पाच वर्षांचं पोर आणि एक तान्हं. मोठ्या बाहुल्याची छाती पुरेशी खोल दाबली गेली की आतून खट्‌ असा आवाज यायचा. दुपारपर्यंत त्या आवाजासाठी आमच्यात चढाओढ लागली. माझ्या बांगड्या वाजत होत्या म्हणून मी त्या काढायला लागले, तर ब्रदर म्हणाले, "राहू द्या. खरी वेळ आली तर काढायला कोण थांबतंय?"

त्यांनी सांगितलेलं मला आजही पाठ आहे. आधी खांदे हलवून मोठ्यानं हाक मारायची. ओ देत नाही, श्वास दिसत नाही, तर कुणाला तरी नावानं सांगून एकशे आठला फोन लावायला लावायचा, आणि आपण छातीला हात घालायचा. दोन्ही स्तनांच्या मधोमध, छातीच्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर. मोठ्या माणसाला दोन हात, एकावर एक. लहान लेकराला एकाच हाताचा तळवा. तान्ह्याला नुसती दोन बोटं. जोरात दाबायचं, भरभर दाबायचं, आणि प्रत्येक वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यायची. तीस वेळा दाबलं की मान जरा मागे करून, हनुवटी वर उचलून दोन श्वास. पाण्यात बुडालेलं लेकरू असेल तर आधी पाच श्वास आणि मग दाबणं. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालायचं नाही, कुणी कितीही म्हटलं तरी.

एका गुरुजींनी विचारलं, "सर, आपल्या हातानं दाबताना काही कमीजास्त झालं तर? माणूस गेला तर?"

ब्रदर शांतपणे म्हणाले, "गुरुजी, ज्याचं काळीज बंद पडलंय तो गेलेलाच असतो. तुमी त्याला अजून काय मारणार हाव?"

सगळे हसले. मीही हसले. प्रमाणपत्र मिळालं, ते शाळेच्या फायलीत गेलं.

*

एप्रिल महिना होता आणि शाळा सकाळची होती. मुलं सुटून घरी गेली होती, हेडमास्तर आधीच निघाले होते. मी कुलूप लावून स्कूटीकडे वळले आणि समोरच्या आखाड्यावरून बाईचा ओरडा ऐकू आला. तो आखाडा, म्हणजे शेतातलं घर आणि गोठा, मेंढरं पाळणाऱ्या एका धनगर कुटुंबाचा. बोअरच्या शेजारी मेंढरांना पाणी पाजायला सिमेंटचा हौद बांधलेला. माझ्या कंबरेलाही येणार नाही एवढाच उंच.

मी पोचले तेव्हा त्यांचं तीन वर्षांचं पोरगं हौदातून बाहेर काढलेलं होतं. त्याच्या चुलत्यानं त्याचे दोन्ही पाय धरून त्याला उलटं टांगलं होतं आणि तो गरगर फिरवत होता, पोटातलं पाणी पडावं म्हणून. पोराचे हात कापडाच्या बाहुलीसारखे लोंबत होते. आजी कपाळ बडवत होती. त्याची आई नुसती उभी होती, पदर तोंडात कोंबून. कुणीतरी म्हणत होतं, "मीठ आणा, मिठात झाका त्याला."

मी म्हटलं, "त्याला खाली ठेवा." कुणी ऐकलं नाही. परत म्हटलं. मग माझ्या तोंडून वर्गातला आवाज निघाला, पोरं बाकावर चढून दंगा करतात तेव्हा निघतो तो. "ठेव खाली! आत्ताच्या आत्ता!" तो तिशीचा गडी, पण त्यानं दुसरीतल्या पोरासारखं मुकाट्यानं लेकरू जमिनीवर ठेवलं. मग मी त्याच्याकडे बोट करून म्हटलं, "तू फोन लाव. एकशे आठ."

पोराचे ओठ जांभळासारखे झाले होते. हाक मारली, खांदा हलवला, काही नाही. मी वाकले आणि त्याच्या नाकावर बोटं दाबून तोंडाला तोंड लावलं. हौदातल्या शेवाळाची आणि मेंढरांची चव लागली. पहिला श्वास आत गेलाच नाही, माझ्याच गालांत फुगला. त्याची मान पुढे पडली होती. मी हनुवटी वर उचलली आणि परत फुंकलं. या वेळी त्याचा शर्ट छातीवर हळूच वर आला. पाच श्वास दिले. मग एका हाताचा तळवा ठेवून दाबायला लागले. एक, दोन, तीन. लेकराची छाती इतकी मऊ असते, की बाहुल्यावर शिकलेलं सगळं विसरून हात आपोआप हलका पडतो. मी स्वतःला बजावत होते, दाब, अजून दाब.

तिसऱ्यांदा तीस मोजून झाले आणि त्याच्या घशात काहीतरी गुळगुळलं. मी त्याला कुशीवर वळवलं. पाणी आलं, सकाळची भाकर-दूध आलं, आणि मग एक बारीक, चिरका आवाज. रडणं म्हणता येणार नाही असा. त्याच्या आईनं तोंडातला पदर काढला आणि ती खाली बसली, म्हणजे पडलीच.

गाडी आली. मी त्यांच्याबरोबर हिंगोलीपर्यंत गेले, कारण आईनं माझं मनगट सोडलं नाही. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सगळं विचारून घेतलं. म्हणाल्या, "हृदय कदाचित हळू हळू चालू असेल. श्वास मात्र बंद होता. तुमच्या श्वासांनी परत आला तो." मी ओशाळून म्हटलं, "मग मी उगाच दाबलं का?" त्या म्हणाल्या, "अजिबात नाही. तिथं बसून नाडी शोधत बसला असता तर हे पोर गेलं असतं. शंका आली की दाबायचं." दोन दिवस त्याला ठेवून घेतलं, फुप्फुसात पाणी गेलं होतं म्हणून. तिसऱ्या दिवशी ते घरी आलं आणि पहिलं काम काय केलं असेल तर आजीला चावलं.

*

त्यानंतर जे सुरू झालं त्याची मला कल्पना नव्हती.

पहिल्यांदा आजी आली, नारळ घेऊन. तिनं माझ्या दोन्ही हातांवर हळदकुंकू लावलं. म्हणाली, "नागनाथानं धाडलं तुमाला." दुसऱ्या दिवशी चुलता एक कोकरू घेऊन आला आणि शाळेच्या खांबाला बांधून गेला. आम्ही नवराबायको औंढ्यात दोन खोल्यांत राहतो, कोकरू ठेवू कुठं? दिवसभर ते बें बें करत राहिलं, पोरांनी त्याला पोषण आहाराची खिचडी चारली. संध्याकाळी मी ते परत नेऊन दिलं तर त्यांना वाईट वाटलं.

मग लोक यायला लागले. कुणी तापानं फणफणलेलं लेकरू आणायचं, "मॅडम, निस्ता हात लावा." एका म्हातारीची कंबर धरली होती, तिलाही माझा हात हवा होता. एक जण शेजारच्या गावाहून मोटारसायकलवर आला, त्याची व्यायला झालेली शेळी खाली बसली होती. मी सांगायचे, अहो, मी डॉक्टर नाही, मला फक्त एक गोष्ट येते आणि तीही दोन दिवसांत शिकलेली. ते मान डोलवायचे आणि परत म्हणायचे, "ते बराबर हाय, पण हात तर लावा." हेडमास्तर हसून म्हणाले, "फी ठेवा मॅडम, शाळेचं छत दुरुस्त होईल."

खोटं कशाला बोलू, मलाही थोडं चढलं होतं. बाजारात गेले की बायका एकमेकींना कोपरानं ढोसून मला दाखवायच्या. मी पदर नीट करून जरा ताठ चालायचे. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं, की हृदय चालू असेल कदाचित, ते मी लोकांना सुरुवातीला सांगायचे. नंतर सांगायचं सोडून दिलं.

*

जवळा बाजारला आठवडी बाजाराच्या दिवशी मी शाळेवरून येताना भाजी घ्यायचे. थंडी सुरू झाली होती. बाजाराच्या टोकाला एक गादीवाले चाचा आपल्या दुकानात बसायचे. कापूस पिंजून गाद्या-रजया भरून द्यायचा त्यांचा तीन पिढ्यांचा धंदा. पिंजायचं आता मशीनवर व्हायचं, पण भरणं आणि दोरा घालणं हातानंच. दोरा घालायची त्यांची बायको, चाची. थंडीत त्यांच्याकडे उसंत नसायची. मला ते ओळखायचे, माझ्या दोन्ही रजया त्यांच्याच हातच्या.

मी वांगी निवडत होते. तेवढ्यात त्या टोकाकडून गलका झाला आणि कुणीतरी ओरडलं, "अरे, त्या मॅडम हायेत बाजारात! मॅडमला बोलवा!"

मी पिशवी भाजीवालीकडे टाकली आणि धावले. हे लिहायला मला जड जातंय, पण धावताना माझ्या मनात नुसती काळजी नव्हती. लोक बाजूला होऊन मला वाट देत होते आणि मला ते आवडत होतं. आता बघा, असं काहीतरी आतून कुणीतरी म्हणत होतं.

चाचा अर्ध्या भरलेल्या गादीवर उताणे पडले होते. हवेत कापूस उडत होता, त्यांच्या दाढीवर, पापण्यांवर बसला होता. तोंड उघडं, आणि थोड्या थोड्या वेळानं घशातून घर्र असा आवाज येऊन हनुवटी उचलल्यासारखी व्हायची. शेजारचा चहावाला म्हणाला, "श्वास चालूय, मॅडम, दम लागलाय निस्ता." मला ब्रदरचे शब्द आठवले. उचकीसारखा, आचक्यांचा श्वास हा श्वास नसतो, त्याला फसू नका.

मी खांदे हलवले. "चाचा! चाचा!" काही नाही. गुडघ्यावर बसून दोन्ही हात ठेवले आणि दाबलं, तर चाचा गादीसकट खाली गेले आणि वर आले. कापसावर दाबून काही उपयोग नव्हता. "यांना खाली घ्या, कडक जमिनीवर!" चार जणांनी त्यांना उचलून दुकानासमोरच्या फरशीवर ठेवलं. चहावाल्याला मी फोन करायला सांगितलं. तो करून झाल्यावर माझ्या समोर येऊन उभा राहिला. पन्नाशीचा, दणकट माणूस.

एक, दोन, तीन, चार. मोठ्या माणसाची छाती म्हणजे जमिनीत रुतलेला दगड हलवल्यासारखं असतं. दहा-बारा वेळा दाबलं असेल आणि माझ्या हाताखाली काहीतरी मोडल्याचं मला जाणवलं. आवाजही आला. गर्दीतून कुणीतरी "अगं आई" म्हणालं. मी थांबले नाही. हेही सांगितलेलं होतं, बरगडी मोडू शकते, थांबायचं नाही. सांगितलेलं असणं वेगळं आणि आपल्या तळव्याखाली होणं वेगळं.

चाची आतून धावत आली. हातात स्टीलचा पेला होता, पाण्यानं भरलेला. ती नवऱ्याच्या डोक्याशी बसली आणि पेला त्यांच्या तोंडाशी नेला. मी एका हातानं तो ढकलला. "पाणी नको! पाणी घालायचं नाही!" पाणी फरशीवर सांडलं. तिनं परत पुढे केला. मी ओरडले, "यांना बाजूला घ्या कुणीतरी!" दोन बायकांनी तिला दंडाला धरून मागे नेलं. तिचा पेला तसाच हातात राहिला.

दोन मिनिटांत माझे हात भरून आले. मी चहावाल्याला म्हटलं, "तुम्ही या. बघा, हात असे, कोपर सरळ, इथं, एवढं खोल." त्यानं एकदा माझ्याकडे, एकदा चाचांकडे पाहिलं. "माझा रोजचा माणूस हाय, मॅडम," म्हणाला आणि बसला. चांगलं दाबलं त्यानं. मी मोजायचे, तो दाबायचा. मग मी दाबायचे, तो मोजायचा. तो मोजताना एकोणतीसनंतर दर वेळी अडखळायचा. घशातला तो आवाज आधी लांबत गेला आणि मग थांबला. मी दर तीस झाले की दोन श्वास देत होते. लांबवर एका लाऊडस्पीकरवर कुणीतरी चादरींचा भाव सांगत होता.

अर्ध्या तासानं गाडी आली. त्या लोकांनी मशीन लावलं, आम्हाला बाजूला केलं, त्यांनी दाबलं, मग चाचांना आत घेतलं आणि गाडी निघाली. दवाखान्यात पोचल्यावर डॉक्टरांनी चाचा गेल्याचं सांगितलं, ते मला संध्याकाळी चहावाल्याच्या फोनवरून कळलं.

मी भाजीवालीकडून पिशवी घेतली. तिनं वांग्याचे पैसे घेतले नाहीत आणि माझ्याकडे बघितलंही नाही. मागून एक जण दुसऱ्याला म्हणत होता, "लेकराला तर उठवलं, मंग चाचाला काहून न्हाई उठवलं?" दुसरा म्हणाला, "हाड मोडलं असं म्हणून राहिले लोक." घरी येऊन आरशात बघितलं तर केसांत कापूस होता.

*

दुसऱ्या दिवशी शाळेत मी तिसरीला हातच्याची वजाबाकी शिकवली. पोरं इतकी शांत बसली होती, की त्यांनाही घरी सगळं कळलंय हे मला समजलं. हात लावून घ्यायला येणारे लोक त्या दिवसापासून बंद झाले. मला हायसं वाटायला हवं होतं.

रात्री न राहवून मी ब्रदरना फोन लावला. प्रशिक्षणात त्यांनी आपला नंबर फळ्यावर लिहून दिला होता. सगळं सांगितलं. त्यांनी आधी गाडी किती वेळानं आली ते विचारलं. मग म्हणाले, "मॅडम, लेकराचा श्वास अडला होता, तो तुमी दिला. मोठ्या माणसाचं बहुतेक वेळा काळीजच आतून बिघडलेलं असतं. तुमी दाबून दाबून त्याला गाडीपर्यंत नेता, पुढचं तुमच्या हातात नसतं. बरगडी मोडली म्हणजे खोल दाबलं. मी दवाखान्यात सगळ्या मशिनी हाताशी असून कितीतरी जणांना परत आणू शकलेलो न्हाई."

मी विचारलं, "मग तुम्ही दुसऱ्या दिवशी ड्युटीवर कसे जाता?"

ते म्हणाले, "डबा घेऊन जातो."

मला हसू आलं आणि मग मी बराच वेळ रडले. पण बरगडीचं ओझं उतरलं तरी काहीतरी शिल्लक होतंच. ते काय आहे हे मला नीट सांगता येत नव्हतं. मी बाजाराच्या त्या टोकाला जायचं सोडलं. भाजी औंढ्यातच घ्यायला लागले.

महिनाभरानं चहावाला शाळेवर आला. म्हणाला, "चाचीनं बोलावलंय तुमाला. नवरा गेल्यावर पाळायचे तिचे इद्दतचे दिवस चालू हायेत, तिला घराबाहेर पडता येत न्हाई, न्हाईतर तीच येणार होती."

मला वाटलं, आता ती बरगडीचं विचारणार.

दुकानामागेच त्यांचं घर. चाची खाटेवर बसली होती, पांढऱ्या ओढणीत. सुनेनं चहा आणून ठेवला आणि ती आत गेली. चाचीनं कप माझ्याकडे सरकवला. मग म्हणाली, "बेटी, तू त्यांच्या सगळ्यात जवळ होतीस. ते घशातनं काय तरी बोलून राहिले होते. काय म्हणत होते?"

मला क्षणभर मोह झाला. तुमचं नाव घेत होते, असं सांगितलं असतं तर कुणाला कळणार होतं? पण तिचे डोळे माझ्या तोंडावर खिळले होते.

मी म्हटलं, "चाची, ते बोलणं नव्हतं. हृदय थांबलं की अंग आपलं आपण तसा आवाज काढतं. त्यांना त्यातलं काहीच समजत नव्हतं. तकलीफही समजली नसणार."

"खरं सांगतीस?"

"खरं सांगते."

तिनं डोळे मिटून मान हलवली. "मी रोज रातच्याला तोच आवाज ऐकून राहिले. म्हणलं, काय सांगायचं होतं की यांना, अन् कुणालाच समजलं न्हाई." मग तिनं डोळे उघडले. "अन् दुसरी गोष्ट. मला तुझा लई राग आला होता."

"बरगडीचा?"

"बरगडीचं काय घेऊन बसलीस! पाण्याचा." तिचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. "चाळीस साल मी त्या माणसाला पानी दिलं. सकाळी उठला की पानी, कामावरून उठला की पानी. जाताना दोन थेंब घालायचे होते, ते तू सांडले. अन् मला बायांनी धरून ठेवलं, चोराला धरावं तसं."

माझ्याकडे उत्तर होतं. बेशुद्ध माणसाच्या तोंडात घातलेलं पाणी पोटात जात नाही, श्वासनळीत जातं. उरलासुरला श्वास अडतो. मी हे शंभर जणांना सांगू शकले असते. तिलाही सांगितलं, पण शेवटी. आधी मी म्हटलं, "मला तुमच्याकडे बघायलासुद्धा वेळ नव्हता, चाची." ते म्हणता म्हणता लक्षात आलं, की हे पूर्ण खरं नाही. मी भाजीपासून धावत आले तेव्हा गर्दीकडे बघायला मला वेळ होता. मी तिला तेही सांगितलं. धावताना मला काय वाटलं होतं ते, लोक वाट देत होते ते. तोवर मी ते नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

ती ऐकून घेऊन म्हणाली, "होतं तसं. ते पण रजई चांगली भरली की चार जणांना बोलवून दाखवायचे." मग म्हणाली, "पानी घालू द्यायचं नव्हतं ते बराबर असंल. डाक्टरीतलं मला काय समजतं? पण असं हाये म्हणून सांगायचं होतं. कुणाला तरी माझ्याजवळ बसवून सांगायचं होतं. अन् गाडीत नेताना, आता आशा न्हाई असं कुणी बोललं असतं, तर मी गाडीत चढून पाजलं असतं. ढकलायचं न्हाई, बेटी."

मी म्हटलं, "चुकलं माझं."

चहा गार झाला होता. सुनेला हाक मारून तिनं तो परत गरम करायला लावला, आणि मी तो पिऊन होईपर्यंत ती माझ्या शाळेचं, किती पोरं आहेत, पगार वेळेवर होतो का, असलं विचारत राहिली. निघताना मी तिच्या पाया पडायला वाकले तर तिनं मला वरच्यावर धरलं.

*

तिनं मला माफ केलं का, मला माहीत नाही. आम्ही भेटतो. इद्दत संपल्यावर ती परत दुकानात बसायला लागली, मुलगा भरतो, ती दोरा घालते. मी दिसले की बसायला सांगते. पाण्याचा विषय परत कधी निघाला नाही.

मी मात्र दर सहा महिन्यांनी शाळेच्या ओसरीवर गावातल्या बायकांना आणि गड्यांना शिकवते. आमच्याकडे बाहुला नाही, गोणीत भुसा घट्ट भरून त्याची छाती केलीय आणि तान्ह्यासाठी गुंडाळलेला टॉवेल. चहावाला पहिल्या वेळेला स्वतःहून आला. दाबून दाबून खांदे कसे भरून येतात आणि म्हणून एकट्यानं करायचं नाही, हे तो माझ्यापेक्षा चांगलं सांगतो. गडी लाजतात, बाया हसतात, एखादी पोर टॉवेलाच्या बाळाला दोन बोटांनी दाबताना खरोखरच घाबरते.

ब्रदरनी शिकवलेलं सगळं मी जसंच्या तसं सांगते. त्यात माझी एकच भर आहे. चार माणसं असतील तर एकानं दाबायचं, दुसऱ्यानं फोन करून नंतर आलटून दाबायचं, तिसऱ्यानं रस्त्यावर जाऊन गाडीला वाट दाखवायची. आणि चौथ्यानं घरच्या माणसाजवळ बसायचं. त्याचा हात धरायचा, आणि काय चाललंय, का चाललंय, पाणी का नको, हे त्याला सांगत राहायचं. हे काम सगळ्यात सोपं वाटतं म्हणून कुणी घेत नाही. मी ते नेमून देते.

गेल्या वेळी मागच्या रांगेतली एक नवी सून उठून उभी राहिली. "मॅडम, पर किती येळ दाबायचं?"

"तो हलेपर्यंत, न्हाईतर गाडी येईपर्यंत."

"अन् येवढं करून तो न्हाईच उठला तर?"

जवळा बाजारचं तिथल्या सगळ्यांना माहीत होतं.

मी म्हटलं, "बऱ्याचदा न्हाईच उठत. तरी दाबायचं. चल, ये पुढं, बांगड्या असू दे तशाच."

ती आली, पदर खोचून गुडघ्यावर बसली आणि तिनं गोणीवर हात ठेवले. जरा खाली ठेवले होते, मी ते धरून वर सरकवले.